उलट्या तोंडाने सुदुंबऱ्याला

लोणावळ्याहून सुटलेली गाडी घोरावाडीला टेकली तेव्हा ऊन कलले होते. सुदुंबऱ्यात संध्याकाळी सभा होती आणि माझे पहिले भाषण तिथे व्हायचे होते. आजवर मी पत्रके लिहिली, वाटली, भिंतींना चिकटवली. माणसांसमोर तोंड कधी उघडले नव्हते. पायांना नुसती घाई सुटली होती.

स्टेशनाबाहेर एक चमत्कारिक सायकल उभी होती. टांग्याची दोन चाके एकामागे एक, बाभळीची चौकट, साखळीऐवजी मोटेच्या चामड्याचा पट्टा, आणि पाठीला पाठ लावलेल्या दोन बैठका. तिचा कर्ता पन्नाशीचा. रेल्वेच्या कारखान्यातली नोकरी सोडून असल्या सायकली बनवीत बसलेला.

"कुटं निगालात, पुढारी?"

"सुदुंबऱ्याला."

"बसा मग. दुसरं मानूस मिळंना म्हनून तर अडलोय. मी फुडं बघून पायडल मारनार, तुमी मागं बघून."

"मागे कशाला?"

"मागनं मोटार आली तर सांगायला नको कुनी?"

बसता बसता मी विचारले, "भाऊ, यात विलायती काही नाही ना?"

"चाकातलं पोलादी छर्रे तेवढं, ज्येच्यावर चाक गरगर फिरतंय."

मी उतरलो. विलायती वस्तू वापरणार नाही अशी माझी शपथ होती, आणि बोलायला निघालो होतो तेही त्यावरच. झोळी उचलून चालू लागलो.

"आन रेलगाडी काय तुमच्या आजानं बनवली?" तो ओरडला.

"तिला पर्याय नाही. हिला आहे. पाय!"

तो हरला असे वाटून मी वळून पाहिले, तर त्याने सायकल आडवी घातली होती. छर्रे काढून त्याने टोपीत ओतले आणि एरंडेलात भिजवलेली लाकडी कडी चाकांत ठोकू लागला. "बैलगाडीला कुटं असत्यात छर्रे? कवातरी करून बघायचंच व्हतं."

"लवकर करा, भाऊ!"

"दम धरा. स्वराज्य काय आजच येतंय व्हय?"

निघालो. चाके अशी किंचाळू लागली की शेतातली माणसे खुरपी टाकून उभी राहिली. माझे तोंड मागे. गाव किती उरले ते कळेना. दिसत होता फक्त बुडता सूर्य, आणि आमच्याच चाकातून निघणारा धूर.

"भाऊ, पेटतंय!"

"लय झ्याक! कुटल्या बाजूला?"

सुदुंबऱ्याच्या शिवेवर मागचे चाक जे अडकले ते सुटेना. किंचाळी ऐकून सगळी सभाच उठून धावत आली. अध्यक्ष वैतागून म्हणाले, "आता इथेच बोला." मी एका धोंड्यावर चढलो. पण सगळा घोळका सायकलवाल्याभोवती. एक विचारतो, चढाला चालंल का. दुसरा विचारतो, वैरण बसंल का. माझी पहिली वाक्ये कोणाच्याच कानी गेली नाहीत.

"ऐकणार आहात की नाही?" मी ओरडलो. आवाज फाटला.

त्याने वर पाहिले आणि काळ्या हातांनी टाळी वाजवली. "ए, बसा खाली समदी! ह्येच्या शपथेपायी माज्या चाकाचा आस जळला. तुमचा वाईच येळ जळला तर काय हुतंय?"

लोक हसत हसत धुळीत बसले, आणि मी बोलू लागलो.