आईचा गुंड, त्यावर खुशबूचं नाव

माझे यजमान लटारू मागच्या पौषात गेले. (नाव घेते. आता रागवायला आहे कोण?) तेव्हापासून येणारी प्रत्येक बाई त्यांचं कौतुक करते आणि मी ऐकून घेते. आता माझं ऐका.

सिंदेवाहीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. पगार घरात, संध्याकाळ घरात. लेकीच्या, रीताच्या वेण्यासुद्धा तेच घालायचे. नाद एकच, जुन्या वस्तूंचा. बंद घड्याळं, फुटके कंदील सगळं चालायचं, पण जीव पितळेत. स्टीलच्या डब्यांपायी घरोघरी पितळी भांडी मोडीत गेली, ती हे भंगारवाल्याकडून उचलून आणत. चिंच-राखेने घासत, पोचे ठोकून काढत, लग्नात कोरलेलं नाव बाभळीच्या काट्याने अक्षर-अक्षर मोकळं करत. मग त्या नावाची बाई शोधायची आणि भांडं तिच्या घरी पोचवायचं. बाई रडायची, हे खूश!

माझ्या आईचा गुंड, पाणी भरायचा पितळी हंडा, सासूबाईंनी मला न विचारता मोडीत घातला होता. तो मात्र सापडत नव्हता. "शोधून राह्यलो ना," एवढंच उत्तर. जगातल्या बायकांच्या माहेरावर माझ्या नवऱ्याचे हात फिरत होते आणि मी बघत होते. बी.ए. झालेल्या बाईने पितळेवर जळावं का? जळत होते.

तेरवीला गोंडपिपरीहून गिरजा नावाची बाई आली. बसल्या बसल्या डोळे पुसायला लागली.

"भाऊ दर दिवाळीले येत, बाई. आमचा गुंड घासाले."

"एवढ्या लांब? तुमचाच काऊन?"

"त्याच्यावर मंगलीबाई नाव हाय ना. भाऊ म्हनत, माह्या सासूचा हाय."

मंगलीबाई माझी आई. हातातलं ताट मी खाली ठेवलं.

मग सगळं कळलं. गिरजाच्या नवऱ्याने तो गुंड बाजारातून घेतलेला. हे मागायला गेले तो नेमका तिच्या सुनेच्या विहीरपूजेचा दिवस. बाळंतीण तोच गुंड डोक्यावर घेऊन विहिरीवरून येत होती. अशा पहिल्या पाण्याचं भांडं त्या घरात बाहेर जाऊ देत नाहीत. यांचं तोंड उघडेना. चहा प्यायले, गुंड घासून दिला आणि परत आले. पुढे दर दिवाळीला तेच. मला सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी मी एसटीत बसले असते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पुढच्याच आठवड्यात बसले. गिरजाच्या घरी गुंड असा झळकत होता, की आमच्या घरात एक वाटी कधी तशी झळकली नाही. आईच्या नावाखाली नवी ओळ होती : खुशबू. फळ्यावर काढायचे तसा गोल, गुबगुबीत 'ख'. यांचाच.

"हे कोणाले विचारून कोरलं?"

"भाऊलेच विचारा ना..." म्हणता म्हणता गिरजाने जीभ चावली. "विहीरपूजेचं पोरगं ते हेच, बाई. आता लगीन हाय तिचं. आंदन म्हनून देतो गुंड."

खुशबू दाराला टेकून उभी होती. चांगली उंच, देखणी पोरगी. मला तीही आवडली नाही.

"मी न्यायला आले," मी म्हटलं.

"न्या ना बाई, माय तुमची हाय. भाऊ म्हनलेच होते, बाई एक दिवस भांडाले येईल."

भांडायला गेलेल्या माणसाला कोणी भांडूच देत नाही, तेव्हा फार राग येतो. गुंड पिशवीत घातला आणि निघाले. खुशबू स्टँडपर्यंत पिशवी धरायला आली, नको म्हटलं.

आता तो माझ्या स्वयंपाकघरात आहे. निकेश म्हणतो, "आई, लग्नाआधी देऊन टाक. बाबांनी ठरवलं होतं." ठरवलं होतं, मला न विचारता. आईचं नाव माझं आहे आणि यांचं अक्षरही माझंच आहे, ते मी कोणाच्या आंदणात घालू?

लग्न वैशाखात आहे. जाईन की नाही, गेले तर काय घेऊन जाईन, अजून ठरवलेलं नाही. तोवर त्या गुंडातलं पाणी मी पितेय, आणि दुसऱ्या कोणाला देत नाही.