न विचारता केलेली नक्कल

भागूअक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चहाच्या दुकानात एका फौजदाराची नक्कल करत होतो. मान ताठ, पोट पुढे, बगलेत नसलेली छडी... आणि शेजारचा लिंगप्पा दारात येऊन म्हणाला, "रामभाऊ, अक्का गेली बघा, सकाळीच." माझी मान तशीच ताठ राहिली. मंडळी हसतच होती; तो निरोपही नकलेचाच भाग असेल असे त्यांना वाटले. त्या दिवशी नुसते वाईट वाटले. राग आला तो पंधरा दिवसांनी, तिच्या शोकसभेत, आणि तो अजून उतरलेला नाही. गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावे.

अक्का आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहायची. हातमागवाल्यांसाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरून संसार ओढायची. नवरा धोंडीबा गिरणीत होता. सुटीचा भोंगा झाला की त्याचे पाय घराऐवजी शिंदीच्या दुकानाकडे वळत. एकुलता एक मुलगा शंकर तेव्हा चौदा वर्षांचा, वर्गात पहिला-दुसरा. त्याच सुमारास वस्तीतल्या दारूबंदी मंडळाचे चिटणीस शाळेतल्या मोठ्या मुलांना व्यसनापासून लांब राहण्याचा उपदेश करू लागले. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' हे त्यांचे लाडके वाक्य. भिंतीवर सडक्या काळजाचे रंगीत चित्र टांगत, आणि पोरे त्याच्याखाली बसून शेंगा फोडत. मग कुणीतरी त्यांना सुचवले, रामभाऊंना बोलवा, दारुड्याची नक्कल करतील, पोरे बघतील तरी!

मी काय, व्यासपीठ म्हटले की एका पायावर तयार. नमुना शोधायला लांब जायची गरजच नव्हती. धोंडीबा पिऊन आला की उंबऱ्याबाहेर वहाणा काढायचा, त्या एकमेकींवर आपटून झटकायचा, दाराला वाकून नमस्कार करायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. ते सगळे मी उचलले. शाळेत असे काही रंगवले की पोरे बाकांवरून खाली लोळली. चिटणीसांनीही डोळे पुसले. तिसऱ्या बाकावर शंकर बसला होता. तो हसला नाही... मला तो दिसला होता. दिसूनही मी नमस्कार आणखी एकदा केला, कारण टाळी अजून पडायची होती.

दुसऱ्या दिवसापासून धोंडीबा रस्त्याने निघाला की पोरांची रांग त्याच्यामागून दर दाराला नमस्कार करत चाले. आठवड्याभरात शंकरने शाळा सोडली, गिरणीत लागला आणि संध्याकाळी बापाशेजारी शिंदीच्या दुकानात बसू लागला. लिंगप्पाने त्याला अडवले तर म्हणाला, "बा एकटाच हाय तितं. समदे हसत्यात त्याला." चौदा वर्षांचे पोर, आणि आम्ही त्याला काय शिकवले, तर हे!

मग अक्का माझ्या दारात आली. केसांत सुताचे तंतू, हातात रिकामी कांडी. ओरडली असती तर मी सुटलो असतो.

"रामभाऊ, पोरास्नी चूक दावायची हुती न्हवं?"

"चिटणीस म्हणाले, अक्का..."

"चिटणीसाचं ऱ्हाऊ द्या की. माज्या नवऱ्याला इचारलंत? मला इचारलंत?"

अक्काने हातातली कांडी माझ्या उंबऱ्यावर ठेवली.

"त्या दिशी शाळंला निगताना तुमच्या तोंडाला वास येत हुता. नक्कल झ्याक व्हावी म्हून घोटभर मारून गेलावता. व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग ती चूक सांगा जावा. सोताची हाय, कुणाला इचारायला नगं."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. अक्का वर्गाच्या दारात बसून राहिली. मी त्याच पोरांना सांगितले, मागच्या वेळी दारूचे वाईट परिणाम दाखवले ते दारू पिऊन दाखवले. शेंगा फोडणे थांबले. एकाने विचारले, "आता सोडली का?" मी म्हणालो, "सोडली आहे. पण आज इथे यायच्या भीतीने सकाळीच आठवण आली." त्या दिवशी पोरांनी तासभर प्रश्न विचारले. सडक्या काळजाच्या चित्राला एकही कधी विचारला नव्हता.

शंकर त्या तासाला नव्हताच. त्याच्यासाठी अक्का रोज संध्याकाळी शिंदीच्या दुकानासमोरच्या पायरीवर जाऊन बसे. हाक मारत नसे. "हाक मारली की माणसं वळून बघत्यात," म्हणे. अशी दोन वर्षे. धोंडीबा त्या दुकानातूनच चौघांच्या खांद्यावरून निघाला, शंकर मात्र एके दिवशी स्वतःच्या पायांनी निघाला, परत गेला नाही. शाळेतही परत गेला नाही. ती आम्ही खाल्ली, चिटणीसांनी आणि मी.

आणि शोकसभेत तेच चिटणीस, आता केस पिकलेले, समोर शाळेची मोठी मुले बसवून म्हणतात, "या माउलीच्या नवऱ्याच्या चुकीपासून धडा घ्या! रामभाऊ, ती तुमची जुनी नक्कल करून दाखवा बरं." मेलेल्या बाईच्या सभेत! हार घातलेल्या तसबिरीसमोर! काही पोरे आधीच हसायला तयार. मी उठलो. ओठांवर आलेल्या शिव्या अस्सल सोलापुरी होत्या, पण गिळल्या. शंकर मागे भिंतीला टेकून उभा होता. मी सगळ्यांदेखत विचारले, "शंकर, करू का?"

"न्हाय," तो म्हणाला.

"नाही म्हणतोय," मी चिटणीसांना सांगितले आणि खाली बसलो. एवढी छोटी भूमिका मी आयुष्यात केली नव्हती.

हा लेख छापायला देण्याआधी मी शंकरच्या खोलीवर गेलो. दाराजवळ, उजेडाकडे तोंड करून ठेवलेला अक्काचा रहाट तसाच होता. त्यापुढच्या तिच्या बसायच्या पोत्यावर आम्ही दोघेही बसलो नाही. मी भिंतीशी बसून सगळे वाचून दाखवले. शंकरने पेन्सिल मागून घेतली आणि बापाबद्दलची दोन वाक्ये खोडली. वाचकहो, ती फार रंगली होती.