वशिंड नसलेला गोऱ्हा

आमची गाय गावठी, काळी, अंगाने लहानशी. दूध द्यायची ती उपकार केल्यासारखी. मी नुकताच शाळेत मास्तर लागलो होतो, म्हणजे घरातला सगळ्यात शहाणा मीच. धसईला गुरांच्या दवाखान्यात नेऊन मी तिला जर्सी वळूचं इंजेक्शन देऊन भरवून आणलं. कालवड होईल, दुधाला तोटा राहणार नाही, असं बाला पटवलं होतं. झाला गोऱ्हा.

बा म्हणाला, "झाला तो बरा झाला. तांबड्याला जोडी पायजेच होती." आमच्या तांबड्या बैलाचा जोडीदार आदल्या वर्षी मेला होता.

तीन वर्षं बाने गोऱ्ह्याला हाताने चारलं. दिसायला देखणा, पण पाठ सपाट. जर्सीच्या वळणावर गेलेला, जू अडायला मानेमागे वशिंडच नाही. चिखलणीला पहिल्यांदा जुंपला तेव्हा जू चार पावलांत मागे घसरलं. बाने गोणपाट बांधून पाहिलं, पट्टा आवळून पाहिला. मानेची सालटी निघाली. जरा ऊन पडलं की तो जीभ बाहेर काढून खाचरातच बसे. बा चिखलात उभा राहून त्याच्या तोंडावर पाणी मारी, आणि मी बांधावर. मला भयंकर राग यायचा, आणि रागवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

दोन पावसाळे असेच गेले. पेंढा पुरेना, तेव्हा कापायला विकण्यासाठी लागायचा तो दवाखान्याचा दाखला आणला. बाला वाचता येत नव्हतं, मीच वाचला. शेतीकामास निरुपयोगी.

"म्हंजे?"

"कामाचा नाय."

"त्यात त्याचा काय गुना?"

मी दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली.

व्यापारी आला. त्याने गोऱ्ह्याची मांडी अंगठ्याने दाबून पाहिली. "कवला माल हाय," तो म्हणाला. "नांगराचा बैल चामड्यावानी होतो. ह्यानं कामच केला नाय." बाने दावं सोडून त्याच्या हातात दिलं आणि घरात निघून गेला.

आमच्या घरात मोठ्याचं मटण सगळे खायचे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण बाचे चारच दात उरले होते. दुपारभर शिजवलं तरी म्हाताऱ्या बैलाचं मटण त्याला चावायचं नाही. चोथा ताटाच्या कडेला काढून तो रस्साच प्यायचा. म्हणून मुरबाडचा ओळखीचा दुकानदार त्याच्यासाठी वशिंडाचा एक मऊ, चरबीचा तुकडा न चुकता टाकायचा.

त्यानंतरच्या रविवारी दुकानदार म्हणाला, "आज वशिंड नाय, मास्तर. पन माल असा हाय की म्हातारा खूश होईल." मी पिशवी घेऊन जीपमध्ये बसलो. काही म्हणता काही डोक्यात आलं नाही. एवढा शिकलेला मी.

बा जेवायला बसला. पहिला तुकडा सहज चावला गेला. "आज मऊ झालाय गो," तो आईला म्हणाला आणि आणखी वाढायला सांगितलं. मग ताटात बोट फिरवत त्याने मला विचारलं, "वशिंडाचा तुकडा नाय दिला रे?"

"नव्हतं म्हनला."

बोलता बोलताच मला कळलं. बाचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर दुसरीकडे वळवली.

ताटात अन्न टाकायची आमच्याकडे पद्धत नव्हती. बाने मान खाली घातली आणि सगळं संपवलं. त्या दिवशी ताटाच्या कडेला काढायला काहीच उरलं नव्हतं.