सुशीला कुणाला आवडत नव्हती?

बायांनो, सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर न्हाई.

आज फडताळ आवरताना सासूबाईंचं न्याहारीच्या पदार्थांचं जुनं पुस्तक सापडलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पुस्तकात टोस्ट, ऑम्लेट, शिरा सगळं हाय, पण मुरमुरे भिजवून फोडणी देतो ती आपली सुशीला न्हाई. ती त्यांनी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलीय. खाली एक ओळ: "ह्यांना आवडत नाही. हे घाटनांदूरला गेले की करावी."

मी हसतच सासऱ्यांना विचारलं, "मामा, तुमाला सुशीला आवडत न्हाई व्हय?"

मामांनी पेपर खाली ठेवला. "कोण म्हणलं? लई आवडती. पण तुझ्या सासूला येत नव्हती ना. उगं तिला वाईट वाटंल म्हणून कधी मागितली न्हाई."

चाळीस वर्षं एका घरात राहिले हो हे दोघं!

मी पुस्तक पदराखाली धरून तशीच आत आले आणि मुरमुरे भिजवले. सुशीला तर करतेच, पण ताटलीसंगं ते पान मामांना दाखवू का लपवू? तुमी काय केलं असतं? लवकर सांगा. फोडणीचा वास बाहेर गेलाय आणि मामा दोनदा डोकावून गेलेत.