पेटीची कवळी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. एका पेटीवाल्याची चित्रं मी रद्दीत घातली.

जुन्या जालन्यातल्या माझ्या कापडदुकानात तो दुपारी यायचा, थानातले रिकामे पुठ्ठे मागायला. त्यांवर रंगीत खडूंनी तो स्वतःची गाणी काढायचा. चढता सूर पिवळा, थांबायचं तिथं काळा ठिपका. पुठ्ठा समोर धरल्याशिवाय त्याला आपलीच चाल आठवत नसे. त्याच्या बाजाच्या पेटीच्या चार पट्ट्या मुक्या होत्या. तिथं बोट आलं की तेवढा सूर तो तोंडाने भरून पुढे जाई.

"पेटीचे दात पडले की रे," मी एकदा म्हणालो.

"मंग? मी हाय ना कवळी, शेठ!"

डोकं शांत ठेवायच्या गोळ्या तो फक्त भावाच्या हातून घ्यायचा. "पुठ्ठे घरात लई आवाज करून राह्यले," म्हणत त्याने ते सगळे माझ्या माळ्यावर आणून ठेवले होते. दिवाळीच्या साफसफाईत मी न बघता ते काढून टाकले. तो न्यायला आला तेव्हा घाबरून बोलून गेलो, "तुझा भाऊ आल्ता, घेऊन गेला."

"मला बिलकुल न्हाई सांगितलं त्यानं," तो हळूच म्हणाला.

त्या दिवसापासून तो भावाच्या हातची गोळी घेत नाही. पेटी वाजवतो, पण मुक्या पट्टीपाशी आता तोही मुका राहतो.

परवा भाऊ दुकानात आला. "शेठ, माझं काय चुकलं?" मी कापड मोजत राहिलो.

पुठ्ठे परत देता येणार नाहीत. पण ते मी टाकले, भावाने नेले नाहीत, हे त्या दोघांसमोर बोलणं माझ्याकडे अजून बाकी आहे.