तहान न्हाई, मिस्त्री

"तहान न्हाई, मिस्त्री." एवढं म्हणून तो कोरड्या ओठांवरून जीभ फिरवायचा आणि घमेलं उचलायचा.

मी गवंडी, चौथी नापास. तो माझा बिगारी, जातीनं पारधी. चाळिशीचा, बारका, हसरा. परभणीचं ऊन तुम्हाला काय सांगायचं? त्या उन्हात हा गडी दिवसभर बिनपाण्याचा राबायचा.

सोनपेठला एका शिकलेल्या माणसाचं घर बांधत होतो. मालकीण आम्हा सगळ्यांना पेल्यात पाणी द्यायची. त्याला मात्र लांब उभं करून वरून ओंजळीत ओतायची. पहिल्या दिवशी तो प्याला. नंतर कधीच नाही.

मग घरून बाटली आणायला लागला. पण संध्याकाळी मालक फक्त त्याचीच पिशवी उलटी करायचा. भाकरीचं फडकं, बाटली, सगळं वाळूत. त्यानं पिशवीच सोडली.

मी म्हटलं, "माझ्या पेल्यातलं पी की."

"नको. मंग तुमालाबी वरूनच ओततील. तुमची मान लय ताठ, वाकायची न्हाई."

तो हसला. मला त्या घराची शिसारी आली. मालकाला तोंडावर बोललो, तर म्हणतो, "तुमी प्लास्टर बघा, मिस्त्री."

"चल, दुसरीकडं काम बघू," मी बिगाऱ्याला म्हटलं.

"तितं काय येगळं हाय?"

पुढं त्याची कंबर धरली, लघवीतून रक्त जायला लागलं. मी परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मूतखडे हायत, किडनीवर सूज हाय, भरती व्हा. वॉर्डात शेजारच्या पेशंटचा मोबाईल सापडेना. लोकांनी ह्याची गादी उचलली, खिसे चाचपले. मोबाईल त्या पेशंटच्याच उशीखाली निघाला. सगळे आपापल्या खाटेकडं वळले. थू.

संध्याकाळी त्यानं सलाईन काढायला लावलं. मी लय भांडलो.

"इतं पडून मी बरा न्हाई व्हायचो, मिस्त्री."

पावसाळा सरायच्या आत किडन्या गेल्या. तोही गेला.

त्या घराच्या वास्तुशांतीला गवंड्याचा मान म्हणून मला बोलावणं आलं. पंगतीत मालक वाढत वाढत म्हणाला, "तुमचा तो पारधी गेला म्हणं. दारूनं गेला असंल."

"दारूला त्यानं कधी हात लावला नाही."

"आसं कसं? त्यांची जातच तसली."

मी भरल्या ताटावरून उठलो.

मालकीण मागून म्हणाली, "मिस्त्री, हात तर धुवा."

भाताचा हात तसाच घेऊन मी एसटी स्टँडपर्यंत चालत आलो.