पहिला नजरेत भरणारा रंग

माझ्या बहिणीच्या लग्नात माझी आई गळ्यापासून घोट्यापर्यंत नव्हती.

म्हणजे ती आली होती. वेळेवर आली होती, वधूमाय म्हणून मिरवलीही. पण पडद्यावर बघणाऱ्यांना तिचं डोकं, दोन हात आणि पावलं एवढंच दिसलं. मधली आई गायब. आणि हे मी घडवून आणलं होतं, चांगला अभ्यास करून!

मी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढतो. आम्ही मूळचे खानदेशातले, पण माझा जन्म सुरतेतल्या लिंबायतचा. वडील, म्हणजे नाना, आयुष्यभर लूमवर उभे राहिले आणि आईने घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवल्या. अर्ध्या देशाला नटवणाऱ्या या बाईचा स्वतःचा एक धड फोटो नाही. कोणाच्याही लग्नाचा अल्बम काढा, आई एक तर पंगतीत वाकलेली, नाहीतर कोणाच्या तरी खांद्याआड. एका फोटोत तिचं कोपर आहे. ते तिचंच आहे यावर घरात अजून एकमत नाही.

मनीषाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न ठरलं आणि तिकडे पारोळ्याला मावशी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. आईची आई लवकर गेलेली, त्यामुळे आईला न्हाऊ-माखू घालून वाढवलं ते या आक्कानेच. ती येणार नाही म्हटल्यावर आईचा लग्नातला जीवच गेला. मग मी लग्न मोबाइलवर लाइव्ह दाखवायचं ठरवलं. मावशी खाटेवर पडून बघेल. आईची कळी खुलली, आणि त्या दिवसापासून तिचा एकच प्रश्न सुरू झाला.

"आक्काले मी दखासू ना रे?"

"दिसशील आई."

"मांगल्या लगनमा बी तू असंच म्हनेल व्हता. कोपर दखायनं."

हे मला लागलं. मी मनाशी ठरवलं की या लग्नात आई अशी दिसली पाहिजे, की आधी ती दिसेल आणि मग नवरी.

आता, मला रंगांविषयी वाचायचं वेड आहे. जेवताना, झोपताना, (नानांच्या मते कामाच्या वेळीही) मी रंगांविषयी वाचत असतो. त्यातच मला कळलं, की भर उजेडात माणसाच्या डोळ्याला सगळ्यात चटकन जाणवतो तो पिवळा आणि हिरवा यांच्या मधला रंग. आपला पोपटी, पण जरा लिंबाकडे झुकलेला, झगझगीत. रस्ता खोदणाऱ्यांच्या अंगात ते जाकीट असतं ना, त्याचा. ट्रकवाल्याला माणूस दिसो न दिसो, जाकीट दिसतं. म्हटलं, ट्रकवाल्याला दिसतं तर मावशीला का दिसणार नाही?

मग मी या रंगाच्या मागेच लागलो. कळलं, की जुन्या काळी तो एका बुडीत मिळत नसे. आधी निळीत कापड बुडवायचं, मग हळदीत नाहीतर डाळिंबाच्या सालीच्या पाण्यात. उन्हात पिवळा उडाला, की पोपटाचा निळकंठ व्हायचा. साहेबांच्या देशात एकेकाळी झगमगीत हिरवा सोमल, म्हणजे विष घालून करत, आणि बायका तो अंगावर घालून आजारी पडत. त्यांच्या शेजारच्या देशात एका मठातल्या साधूंनी जडीबुटी घालून दारू गाळली, आणि या लिंबू-पोपटी रंगाला त्या दारूचंच नाव पडलं. (आपल्याकडे दारूबंदी असल्यामुळे ते नाव मी घरात घेतलं नाही. नाना अशा विषयात फार खोलात शिरतात.)

आईला मी वेगळा अर्थ सांगितला. "हळद पिवळी आणि चुडा हिरवा. दोन्हीच्या बरोबर मधला हा रंग. म्हणजे लग्नाचाच की नाही?"

आईने नमुन्याचा तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. "ह्यामा सोमल नही ना?"

"नाही."

"मंग चाली."

नानांनी चष्मा वर करून पाहिलं. "कपाशीवर मारानी दवाईना डब्बा अस्साच ऱ्हास," ते म्हणाले आणि परत पेपरात शिरले.

आता मिलची एक अडचण असते. तिथे एक साडी रंगत नाही. एका साडीसाठी मशीन लावा म्हटलं, तर डाइंग मास्तर आधी माझी नाडी बघेल. रंगवायचा तर अख्खा तागा. मी शेठला सांगितलं की नवीन शेड आहे, चाचणी घेऊन बघू. शेठ हो म्हणाले, रंगलेला माल बघून तो माझ्याच गळ्यात मारला, आणि आईच्या एका साडीपायी आमच्या खोलीत पोपटी डोंगर येऊन पडला. पलंगावर, पलंगाखाली, फ्रिजच्या डोक्यावर. रात्री दिवा मालवला तरी खोलीत उजेड आहे असं नानांचं म्हणणं होतं.

खानदेशी घरात कापड वाया जात नाही. आईची साडी झाली, तिचं ब्लाउज झालं. चारही मामांना फेटे झाले. नानांना उपरणं झालं. तरी डोंगर तसाच. तेवढ्यात देवासारखा हितेशभाई आला.

हितेशभाई आमचा व्हिडिओवाला. लग्नाचा हॉल होता बमरोलीला, आणि त्याच्या स्टेजमागच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' असं तीन भाषांत ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. हॉलवाला ते पुसू देईना, कारण पुसलं की लोक थुंकतात. हितेशभाई म्हणाला, "योगेशभाई, फिकर नको. मी पाठीमागे ग्रीन कपडा लावते. कंप्यूटर काय करते, ग्रीन जेवढा दिसला तेवढा उडवून टाकते. तेच्या जागेवर महल मूकी देईश. तमारी बहन महलमां लगन करशे!"

"वा," मी म्हणालो.

"पण माझा कपडा फाटी गयो छे. एकदम झगारा मारे एवा ग्रीन पाहिजे."

वाचकहो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. हिरवं तेवढं उडवतो, असं त्याने शुद्ध सुरती मराठीत सांगितलं होतं. पण मी त्या वेळी या रंगाला डोळा कसा भुलतो ते त्याला समजावण्यात गर्क होतो. बोलता बोलता मी पलंगाखालून कापड ओढलं आणि आईच्या साडीच्या त्याच ताग्यातून त्याला भलामोठा पडदा फाडून दिला. वर, पैसे नकोत म्हणालो.

लग्नाचा दिवस उजाडला. आई साडी नेसून बाहेर आली आणि मला भरून आलं. खरंच सांगतो, सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. लहान पोरं हात लावून बघत होती. आईने पदर सारखा केला आणि विचारलं, "आक्काले?"

"पहिली तूच," मी म्हणालो.

हॉलच्या एका कोपऱ्यात मोठा पडदा लावला होता आणि तेच चित्र मोबाइलवर पारोळ्याला जात होतं. मनीषा स्टेजवर आली. तिने लाल शालू नेसला होता. तिच्यामागे संगमरवरी राजवाडा, राजवाड्यापुढे तळं, तळ्यात हंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थुंकण्याविषयी कुठे अवाक्षर नव्हतं. मी हितेशभाईच्या पाठीवर थाप मारली.

मग आई स्टेजवर चढली.

पडद्यावर आईचं डोकं तळ्यावरून तरंगत आलं. त्याच्या खाली दोन बाजूंना दोन हात, हातात ओवाळणीचं ताट, आणि मध्ये काही नाही. जिथे आईचं पोट असायला हवं तिथे दोन हंस पोहत होते. डोकं प्रसन्न हसलं. ताट जावयासमोर गोल गोल फिरलं.

मग मुलाकडच्या पंगतीतून कोणाला तरी ठसका लागला, आणि त्यानंतर हॉल आवरेना. आईला काय झालं ते कळेना, कारण कोपऱ्यातला चित्राचा पडदा तिच्या पाठीकडे होता. तिला वाटलं लोक आनंदात आहेत, म्हणून तीही हसली. तळ्यावरचं डोकं अजून मोठं हसलं.

मी हितेशभाईकडे धावलो. तो पडद्याकडे बघून हरखला होता.

"शुं कपडा छे, योगेशभाई! एक पण डाग नाही. एकदम क्लीन उडते."

"माझी आई उडली आहे!"

"हां, ते पण क्लीन."

"काहीतरी करा."

"मम्मीला सांगा, ऊपर कंई ओढून घ्या."

मी नानांना खूण केली की आईच्या अंगावर काहीतरी टाका. नाना तत्पर माणूस. त्यांनी स्वतःचं उपरणं काढून तिला पांघरलं. (कोणत्या ताग्यातलं, ते सांगायला नको.) उपरणं हातांवर आलं आणि आईचे हातही गेले. ताट एकटंच ओवाळू लागलं.

तेवढ्यात भटजींनी हाक दिली आणि चारही मामा फेटे बांधून वधूच्या मागे येऊन उभे राहिले. भुवयांपर्यंत चार मामा, भुवयांच्या वर राजवाडा. एकाच्या कपाळाच्या जागी नेमकी एक खिडकी आली होती. मी ओरडलो, "महाल काढा!" हितेशभाईने बटण दाबलं. महाल गेला, पण मागे उरला तो माझा पडदा. त्याच्यासमोर आई उभी, त्याच रंगात, त्याच ताग्यात. आता तर कॅमेऱ्याची गरजच नव्हती. नुसत्या डोळ्यांनीसुद्धा आई कुठे संपते आणि पडदा कुठे सुरू होतो ते सांगता येईना. फोटोवाला म्हणाला, वधूच्या आईला बोलवा. आई त्याच्या पुढ्यातच उभी होती.

खिशात फोन थरथरला. मावशी.

"योगेश, तुनी मायले काय व्हयनं रे? नुसतं मुंडकं दखाई ऱ्हायनं. आंग कोठे गयं?"

"कॅमेऱ्याची गडबड आहे मावशी."

"माले वाटनं, दवाईमुये अस्सं दखाई ऱ्हायनं. सुनले इचारं, तं ती म्हने तिले बी तस्संच दखास."

आई स्टेजवरून उतरली होती. तिने माझं तोंड पाहिलं, मग वळून पडदा पाहिला. हितेशभाई तेव्हा मघाचा भाग पुन्हा लावून काय चुकलं ते तपासत होता, आणि आईचं डोकं परत एकदा तळ्यावरून निघालं होतं. ती मनीषाच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसली.

मी पाठोपाठ गेलो. एवढ्या वर्षांत या बाईने एकच हौस सांगितली होती, आणि मी एवढा वाचलेला माणूस, तिला कोपराइतकंही ठेवलं नव्हतं.

"माले लाल नेसू देता ना भाऊ," ती हळूच म्हणाली.

"चुकलं माझं."

ती पदराशी चाळा करत राहिली. मग तिने विचारलं, "आक्कानी दखं?"

"हो. तिचाच फोन होता."

"रडनी का?"

खोटं बोलायचं जिवावर आलं. मी तिच्यासमोरच मावशीला परत फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून बोलणं येईना, नुसता खीं खीं असा आवाज. मध्येच सून म्हणाली, "दादा, पडल्यापासून आज पहिल्यांदा हसल्या आत्या. टाका दुखतो म्हणतात आणि परत हसतात. ते हंसांचं पुन्हा दाखवा म्हणतात."

आईने फोन हातात घेतला. "आक्का?"

"माय वं," मावशीला बोलायला दम नव्हता. "बठ्ठा लगनमा माले तूच दखायनी. नवरी कोनी दखी?"

आई उठली. आरशात बघून टिकली सारखी केली. मग स्टेजकडे निघाली, आणि जाता जाता हितेशभाईला म्हणाली, "भाई, तो महाल परत लाव."

पुढचा अर्धा तास आमच्या खानदानाला आवरणं अवघड झालं. आईचं डोकं तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. तिने हंसांना दाणे टाकल्यासारखे हात केले. मामांनी फेटे खाली ओढून डोळ्यांवर घेतले. मुलाची आजी, जी सकाळपासून मानपानावरून गाल फुगवून बसली होती, ती मला म्हणाली, "बाळ, ते कापड उरलंय का?" उरलं होतं. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचे वऱ्हाडी आळीपाळीने नाहीसे होत होते, आणि रुसायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

मावशी आता काठी घेऊन चालते. तो व्हिडिओ तिने पारोळ्यात दारोदार दाखवला, आणि त्याच ओघात माझ्यासाठी एक स्थळही आणलं. मुलीकडच्यांनी वेगळा फोटो मागितला नाही. व्हिडिओत मुलगा आहेच, तोच बघून कळवतो म्हणाले. परवा मुलीच्या वडिलांचा फोन आला, तो मी उचलला, पण मी कोण ते सांगितलं नाही. आई त्यांच्या घरात सगळ्यांना फार आवडली होती. असं माणूस सासू म्हणून मिळालं तर मुलीचं भाग्य, असं ते दोनदा म्हणाले.

"आणि मुलगा?" मी शक्य तितक्या त्रयस्थ आवाजात विचारलं.

"त्यांना त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती का?"

फोन ठेवून मी व्हिडिओ पुन्हा लावला. मी आहे. आईच्या अगदी शेजारी, राखाडी सफारीत, डोक्यापासून बुटांपर्यंत सगळाच्या सगळा. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघताना मलासुद्धा मी दिसलो नाही.